क्विल्टचे तुकडे जोडायला दोरा कुठला? ऑरिफिल ५०, गुटरमन आणि आपला टेलरचा १२० नंबर

आधीच सांगते की हा रिव्ह्यू फक्त पीसिंगच्या दोऱ्याचा आहे, म्हणजे कापडाचे तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार करताना मशीनवर जी टीप मारतो ना त्या दोऱ्याचा. वरून डिझाइन काढून क्विल्टिंग करायचा दोरा, कडेची पट्टी लावायचा दोरा, हाताने धावदोरा घालायचा जाड दोरा, ही सगळी वेगळी प्रकरणं आहेत, आणि सगळ्यांना एकच दोरा वापरायचा म्हटलं की घोळ होतो. तर ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी निकाल असा: बारीक तुकडे, टोकदार त्रिकोण असलं काही करत असाल तर इटलीच्या ऑरिफिल कंपनीचा केशरी रिळाचा ५० नंबर घ्या, पैसे वसूल आहेत. मोठे चौकोन असलेली बाळाची दुपटी वगैरे करत असाल जी आठवड्यातून दोनदा मशीनमध्ये धुतली जाणार, तर चांगल्या कंपनीचा १२० नंबरचा स्पन पॉलिस्टर पुरतो, उगाच इटलीहून दोरा मागवायची गरज नाही. आणि लेबल नसलेली रीळ, मग ती कितीही चकाकती असली तरी, घेऊ नका.

आता सविस्तर.

आपल्याकडे मुळात अडचण ही की दुकानात जाऊन "गोधडीसाठी दोरा द्या" म्हटलं की समोरचा माणूस जाडच दोरा काढतो. त्याचं चुकत नाही, कारण आपली गोधडी म्हणजे जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून वरून हाताने धावदोरा, त्यात दोरा हाच सगळे थर धरून ठेवतो, तो दिसतोही आणि दिसावा म्हणूनच घालतात, त्याला जाड दोरा बरोबरच आहे. पण पीसिंगमध्ये दोऱ्याचं काम अगदी उलटं असतं, त्याने आत लपून बसायचं आणि जागा अजिबात खायची नाही. पुण्यात रविवार पेठेत मी गेले की ठरलेला संवाद होतो. मी म्हणते, "दादा, बारीक कॉटन दोरा आहे का, मशीनचा?" दादा म्हणतात, "ताई बारीक कशाला, हा घ्या ना, ओढून बघा, तुटला तर पैसे परत." आणि मग ते दोन्ही हातांवर दोरा गुंडाळून ओढून दाखवतात, दोरा तुटत नाही, बोटाला वळ मात्र उठतात.

ही ओढून बघायची परीक्षा पीसिंगसाठी निरुपयोगी आहे हे मला सगळ्यात आधी ठासून सांगायचंय. क्विल्टमधल्या एका शिवणीवर कोणी लोंबकळत नाही. दर इंचाला अकरा ते तेरा टाके असतात, ताण सगळ्यांत वाटला जातो, शिवाय वरून क्विल्टिंगची टीप येते ती वेगळीच. उलट कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं असेल, म्हणजे आजीच्या सुती साडीचे तुकडे वगैरे, तर दोरा कापडापेक्षा फार दणकट असणं सोयीचं नाही, कारण ताण आलाच तर दोरा तुटला तर शिवण परत मारता येते, कापड फाटलं तर ते ठिगळच. काही जणी याच्या पुढे जाऊन म्हणतात की पॉलिस्टर दोरा सुती कापडाला आतून कापतो. मी ते इतकं धरून बसत नाही, क्विल्ट फाटायला ऊन, जोरात पिळणं आणि वॉशिंग मशीन ही कारणं कितीतरी मोठी आहेत.

मग बघायचं काय? तर नंबर, पदर आणि दोऱ्याची लव. ताकद सगळ्यात शेवटी.

नंबरचा गोंधळ आधी निस्तरूया कारण यातच सगळे अडकतात. दोऱ्यावर ५० असं लिहिलेलं असतं ते वजनाचं माप, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे ८० नंबर ५० पेक्षा बारीक, २८ नंबर जाड आणि १२ नंबर तर जवळजवळ भरतकामाचा. इथपर्यंत सोपं आहे. पण त्याच्यापुढे पदर असतात, म्हणजे किती धागे एकत्र पिळून तो दोरा केलाय ते. दोन पदरी ५० आणि तीन पदरी ५० या दोन्हींवर ठळक अक्षरात ५०च छापलेलं असतं आणि हातात घेतलं की एक सरळसरळ जाड लागतो. ऑरिफिलचा ५० दोन पदरी आहे. अमेरिकेतल्या सुपीरियर कंपनीचा मास्टरपीस हासुद्धा ५०च आणि तोही लांब तंतूच्या इजिप्शियन कापसाचा, पण तो तीन पदरी. दोन्ही चांगले, पण एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन, याने आणि दुसरा त्याने शिवला तर मापात फरक पडू शकतो, तेव्हा एका क्विल्टला एकच दोरा धरा.

आणि आपल्या टेलरच्या दोऱ्यावर जो १२० लिहिलेला असतो तो या मापाचा नाहीच! तो तिकीट नंबर. त्याचा हिशोब असा की ३००० ला तिकीट नंबराने भागायचं म्हणजे टेक्स मिळतो, आणि टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. १२० तिकीट म्हणजे २५ टेक्स. ८० तिकीट म्हणजे साडेसदतीस. ४० तिकीट म्हणजे ७५, तो जीन्सच्या जाड टिपेचा. ५० वजनाचा दोरा त्याच्या मापाने २० टेक्सच्या आसपास बसतो. म्हणजे बघा, टेलर लोक ब्लाउजला वापरतात तो १२० नंबर आणि परदेशी क्विल्टचा ५० नंबर जाडीला सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत, आणि १२० म्हणजे ५० पेक्षा दुपटीहून बारीक असं जे काही लोक समजतात ते साफ चूक. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात कोणी काहीही सांगो, रीळ उलटी करून नंबर वाचायचा.

जाडीवरून इतका जीव का काढायचा? कारण पाव इंची शिवण. टेलर कुर्त्याला अर्धा-पाऊण इंच मार्जिन ठेवतो, एखादी रेघ इकडेतिकडे झाली तर कुर्ता काही बोलत नाही. क्विल्टमध्ये प्रत्येक शिवण पाव इंचाची आणि शिवल्यावर कापड एका बाजूला दुमडून इस्त्री करायची, त्या दुमडीत दोरा बसलेला असतो, दोरा जितका जाड तितकं कापड त्याच्यावरून वळसा घेऊन जातं आणि तेवढी लांबी खाल्ली जाते. एका शिवणीत दिसतही नाही. पण समजा ६० इंची क्विल्ट आहे आणि २ इंची चौकोन, म्हणजे एका ओळीत ३० चौकोन आणि २९ शिवणी. दोरा, इस्त्री, हात असं सगळं मिळून दर शिवणीला अर्धा मिलिमीटर जरी गेला तरी ओळीला साडेचौदा मिलिमीटर गेले, अर्ध्या इंचाच्या वर! आणि दुसरी ओळ तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोऱ्याने शिवली असेल तर ती वेगळ्या मापाची येणार आणि मग कोपऱ्याला कोपरा जुळता जुळत नाही, ओढून-ताणून टाचण्या लावत बसा.

स्वतःच तपासायचं असेल तर सोपं आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी पाव इंची शिवणीने जोडा, शिवणी इस्त्रीने एका बाजूला दाबा आणि मोजा. एकूण साडेतीन इंच यायला पाहिजे आणि मधली पट्टी बरोब्बर एक इंच. कमी आली तर शिवण दोऱ्याच्या जाडीइतकी आत घ्या, म्हणजे पाव इंचाला किंचित कमी. मग तेच दुसऱ्या दोऱ्याने करून बघा. या एका परीक्षेत जो फरक कळतो तो कुठल्याही जाहिरातीत कळत नाही. मी ऑरिफिलला मार्क दिले ते इथे, कारण सुईची जागा न हलवता, पाव इंची पायाला कापडाची कड लावून सरळ शिवलं तरी मधली पट्टी इंचभर येते आणि शिवण दाबल्यावर बोट फिरवलं तर उंचवटा लागत नाही. ८० तिकीटवाल्या जाड दोऱ्याने तीच शिवण वळी आल्यासारखी उठून दिसते, आणि चार त्रिकोणांची टोकं जिथे एकत्र येतात तिथे तर गाठच होते, वरून क्विल्टिंग करताना मशीनचा पाय तिथे अडखळतो.

ऑरिफिलची थोडी माहिती द्यायला हवी. इटलीची कंपनी, मिलानजवळची, १९८३ पासूनची. दोरा इजिप्तच्या लांब तंतूच्या कापसाचा, त्याला ते माको कॉटन म्हणतात. रिळाच्या रंगावरून नंबर कळतो ही मला फार आवडलेली गोष्ट, ५० नंबर केशरी रीळ, ४० हिरवी, २८ करडी, १२ लाल. ५० ची मोठी रीळ १३०० मीटरची असते आणि छोटी २०० मीटरची. रंग २७० आहेत, पण घाबरू नका, पीसिंगला त्यातले दोन-तीन पुरतात, ते पुढे सांगते.

लांब तंतूने काय होतं? तर कापसाचा एकेक तंतू जितका लांब तितकी दोऱ्यातून बाहेर डोकावणारी टोकं कमी, टोकं कमी तर लव कमी, लव कमी तर मशीनमध्ये केर कमी. शिवाय तो दोरा मर्सराइज केलेला असतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सुती कापड कॉस्टिक सोड्यात बुडवून बघितलं, त्याने ते मजबूत झालं आणि रंग जास्त धरायला लागलं, पण आकसायचं म्हणून गिरणीवाल्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, मग १८९० मध्ये होरेस लो याने तेच ताणून धरून केलं तेव्हा आकसणं थांबलं आणि वर चमक आली. आपण दुकानात "मर्सराइज्ड" म्हणून जे वाचतो ते हे. चांगल्या दोऱ्याला याच्यावर गॅसिंगसुद्धा करतात, म्हणजे ज्योतीवरून झर्रकन नेऊन बाहेरची लव जाळून टाकतात.

मला एक गोष्ट मात्र खटकते. लांब तंतूचा कापूस आपल्याकडे नाही असं नाही. सुविन नावाची जात आपलीच, कोइमतूरच्या शास्त्रज्ञांनी सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट यांचा संकर करून १९७० च्या दशकात काढलेली, जगातल्या उत्तम कापसात तिचं नाव घेतात. मग हातात मावेल अशा छोट्या रिळावर, नंबर आणि पदर नीट छापलेला, बारीक सुती दोरा आपल्या गल्लीच्या दुकानात सहज का मिळू नये? टेलरना नको असतो म्हणून दुकानदार ठेवत नाहीत, दुकानात नाही म्हणून आपण ऑनलाइन मागवतो, असं ते चक्र. असो.

गुटरमनबद्दल. ही जुनी मंडळी, १८६४ ची कंपनी, आता जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातली. यांचा शंभर टक्के कॉटनचा ५० नंबर पीसिंगला छान चालतो, हाताला ऑरिफिलपेक्षा जरा भरीव वाटतो, पीळ घट्ट आहे. भारतात एक काळजी घ्या की गुटरमनच्या नावाने जे पटकन मिळतं ते बहुतेक वेळा त्यांचं सगळ्या कामांचं पॉलिस्टर असतं. ते वाईट नाही हो, कपड्यांना उत्तमच, पण तुम्ही कॉटन समजून मागवाल आणि पार्सल उघडल्यावर कळेल. आणि त्यांचाच हाताने क्विल्टिंग करायचा कॉटन दोरा असतो, त्यावर मेणासारखा लेप असतो, तो मशीनला लावायचा नाही! कुठल्याही कंपनीचा लेपवाला दोरा मशीनला नको, लेप टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांमध्ये घासून बसतो आणि मग चांगला दोरा लावला तरी टीप बिघडते. लेबलवर हाताच्या सुईचं चित्र असेल तर तो हातासाठीच.

आता आपल्याकडे सहज मिळणारा स्पन पॉलिस्टर. कोट्स, वर्धमान या कंपन्यांचा दोरा प्रत्येक टेलरकडे असतो, मोठ्या कोनवर हजारो मीटर आणि किंमत परदेशी दोऱ्याच्या मानाने काहीच नाही. १२० तिकीटचा चांगला ताजा कोन असेल तर पीसिंगला चालतो, मी ठामपणे सांगते, "पॉलिस्टर म्हणजे पाप" असं ज्या म्हणतात त्यांच्याशी वाद घालायला तयार आहे. इस्त्रीने वितळतो ही भीतीसुद्धा फुकाची, पॉलिस्टर वितळायला अडीचशे अंशाच्या आसपास तापमान लागतं आणि कॉटनवर ठेवलेली घरची इस्त्री दोनशेच्या जवळपास असते. पारदर्शक नायलॉन दोऱ्याचं मात्र तसं नाही, तो कमी तापमानाला वितळतो आणि त्याआधीच मऊ पडतो, तो पीसिंगला नकोच.

पॉलिस्टरचा खरा प्रश्न ताणाचा आहे. तो सुती दोऱ्यापेक्षा जास्त ताणला जातो, आणि आपण बॉबिन भरताना घाईघाईने पूर्ण स्पीडवर भरतो, तेव्हा दोरा ताणलेल्या अवस्थेत बॉबिनवर बसतो, शिवताना ठीक दिसतं आणि थोड्या वेळाने दोरा आपल्या मूळ लांबीवर यायला बघतो की शिवण चुरगळते. उपाय म्हणजे बॉबिन हळू भरायची, अर्ध्या स्पीडवर, बस्स. दुसरा प्रश्न म्हणजे स्पन पॉलिस्टर मुळात तुकडे तुकडे तंतू कातून केलेला, त्यामुळे त्याला लव असतेच, स्वस्त कोनमध्ये मध्येच जाड-बारीक गुठळ्या येतात आणि ती गुठळी नेढ्यात अडकली की दोरा तुटतो. उजेडात कोनवरचा हातभर दोरा उलगडून बघा, गुठळ्या दिसतात.

एक ऑनलाइन दुकान आहे, नाव घेत नाही, तिथून "क्विल्टिंग कॉटन" म्हणून दहा रंगांचा सेट मागवला होता, फोटोत फार गोड दिसत होता. रिळांवर ना नंबर ना पदर ना कापसाचा उल्लेख, नुसतं एक फूल छापलेलं. दोन ब्लॉक शिवून बॉबिनचं झाकण उघडलं तर खाली कापूस पिंजल्यासारखा केर. त्यातला लाल दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीवर ठेवला तर गुलाबी डाग. तो सेट आता टाचे घालायला वापरते, तेवढ्याला बरा आहे. तेव्हा गडद रंगाची रीळ आली की ओल्या चिंधीवर दाबून बघायचं, क्विल्ट पूर्ण झाल्यावर पहिल्या धुण्यात कळण्यापेक्षा बरं.

आणि ते फॅन्सी स्टोअरमधले चकाकते रेशीम दोरे, ज्याला सगळे "सिल्क" म्हणतात, ते बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम रेशीम, असतात, मशीन एम्ब्रॉयडरीचे. व्हिस्कोस ओला झाला की कमजोर होतो आणि गुळगुळीत असल्याने टाका सुटतो. फुलं काढायला सुंदर, तुकडे जोडायला नाही.

पैशाचं बोलूया, कारण ऑरिफिलची मोठी रीळ हजाराच्या वर जाते आणि ते ऐकून घरी सासूबाई "दोऱ्याला एवढे?" म्हणणारच. हिशोब करा. मशीनच्या टिपेला वरचा आणि खालचा मिळून शिवणीच्या लांबीच्या अडीच ते तीन पट दोरा लागतो. ६० बाय ६० इंचाचा क्विल्ट, ४ इंची चौकोनांचा, त्याच्या उभ्या-आडव्या मिळून शिवणी होतात सुमारे ४३ मीटर, म्हणजे दोरा सव्वाशे मीटरच्या आत-बाहेर. तोच २ इंची चौकोनांचा केला तर शिवणी ८८ मीटर आणि दोरा अडीचशे मीटरच्या घरात. म्हणजे १३०० मीटरच्या एका रिळात बारीक तुकड्यांचे चार-पाच क्विल्ट होतात, मोठ्या चौकोनांचे आठ-दहा. बारीक तुकड्यांच्या क्विल्टमागे दोनशे-तीनशे रुपये पडले. त्या क्विल्टला कापडाला आणि आतल्या बॅटिंगला, म्हणजे मधल्या मऊ थराला, आपण किती घालतो ते आठवा, ते सासूबाईंना सांगू नका. छोटी २०० मीटरची रीळ ट्रायलला ठीक आहे पण दर मीटरला महाग पडते आणि २ इंची चौकोनांचा क्विल्ट तिच्यात पुरा होत नाही.

रंग. कापडाला मॅचिंग दोरा शोधायचा हा ब्लाउजचा संस्कार आहे, पीसिंगमध्ये तो सोडून द्या. शिवण आत असते, दोरा दिसला तर तो दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत दिसतो आणि तिथे मधलाच रंग सगळ्यात कमी दिसतो. ऑरिफिलमध्ये २६०० नंबरचा फिकट करडा आणि २०२१ चा नॅचरल व्हाइट या दोन रिळांत माझी बहुतेक सगळी कामं होतात. पांढऱ्या-क्रीम कापडांना २०२१, बाकी सगळ्या रंगीबेरंगीला करडा. फक्त काळा, गडद निळा, मरून असं सगळंच गडद असेल तर गडद करडा. काळा दोरा पांढऱ्या कापडात कधीच नको, इस्त्रीनंतर आतली टोकं वरून सावलीसारखी दिसतात. लाल-पिवळ्या कापडाला करडा दोरा कसा चालेल म्हणून ज्यांना शंका आहे त्यांनी एक शिवण मारून बघा, मग बोला.

मशीनवर लावताना. घरातल्या पायाने चालवायच्या काळ्या मशीनला बहुतेक वेळा १६ नंबरची सुई लावलेली असते, कारण तिच्यावर पडदेही शिवायचे असतात आणि पिशव्याही. ती सुई बारीक दोऱ्याला भोकं मोठी पाडते. ११ नंबर लावा, फार तर १२, उषा जनोम किंवा तसल्या झिगझॅग मशीनला ७५/११ किंवा ८०/१२ मागा. टाका २ ते सव्वादोन मिलिमीटर. कागदावर शिवून कागद फाडायच्या पद्धतीने करत असाल तर दीड मिलिमीटर, तिथे ८० वजनाचा (८० तिकीटचा नव्हे) बारीक दोरा आणखी बरा. शिवणी उघडून इस्त्री करायची सवय असेल तरी टाका जरा लहानच घ्या, कारण तेव्हा ताण सगळा दोऱ्यावर येतो.

टेन्शन दर दोऱ्याला बघावं लागतं, दोन चिंध्या एकावर एक ठेवून टीप मारायची, खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे, सैल करा. वर-खाली दोन वेगळ्या रंगांचे दोरे लावून केलं तर लगेच कळतं. आणि हो, ऑरिफिलचा दोरा रिळावर आडवातिडवा, फुलीफुलीने गुंडाळलेला असतो, असा दोरा रिळाच्या वरच्या टोकावरून निघायला पाहिजे, म्हणजे आडव्या दांडीवर लावा. सरळ थरांत गुंडाळलेली रीळ असेल तर उभ्या दांडीवर, ती गरगर फिरली पाहिजे. मोठा कोन असेल आणि स्टँड नसेल तर मशीनच्या मागे स्टीलच्या डब्यात उभा ठेवायचा, दोरा सरळ वर नेऊन मग मशीनमध्ये, फार छान चालतं.

त्रिकोणाचं टोक सुईच्या भोकात ओढलं जातं ही तक्रार खूप जणी करतात आणि दोऱ्याला दोष देतात. दोरा नाही हो, झिगझॅगच्या प्लेटचं भोक रुंद असतं म्हणून. आधी एका चिंधीवर टीप सुरू करा, दोरा न कापता पुढचा तुकडा सरकवा, मग त्याच्या मागे पुढचा, अशी माळ करत जा, शेवटी परत चिंधी. दोराही वाचतो.

साठवण्याबद्दल एवढंच की उन्हात ठेवू नका. खिडकीतल्या शोभेच्या काचेच्या बरणीत रंगीत रिळा फोटोला छान दिसतात पण ऊन दोऱ्याला खातं. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात. आईच्या काळातली लाकडी रीळ सापडली तर तिला हातभर उलगडून बोटाने हलकेच झटका द्या, जुना सुती दोरा कागदासारखा पटकन तुटतो, तसा तुटला तर ती आठवण म्हणून ठेवा, मशीनला लावू नका. ओढून बघायच्या परीक्षेचा एवढा एकच उपयोग.

मार्क द्यायचेच तर बारीक पीसिंगसाठी ऑरिफिल ५० ला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला किमतीसाठी आणि इथे गल्लीत मिळत नाही म्हणून. गुटरमन कॉटन ५० ला चार. १२० तिकीट स्पन पॉलिस्टर, नावाजलेल्या कंपनीचा, साडेतीन, आणि बाळाच्या दुपट्याला सरळ साडेचार.

वर ऑरिफिल आणि बॉबिनला स्वस्त पॉलिस्टर असं मिश्रण चालतं का, हे मला नेहमी विचारतात. चालतं, मशीन काही म्हणत नाही, पण मग खालच्या बाजूची लव आणि ताण हे दोन्ही परत आलंच की, आणि टेन्शन दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. त्यापेक्षा एकदम चार-पाच बॉबिन त्याच करड्या दोऱ्याच्या भरून ठेवा, दोन पदरी असल्याने एका बॉबिनवर मावतोही जास्त, आणि ओळ अर्ध्यात असताना दोरा संपत नाही.